बारावी नळी

३ तारीख, सोमवार

नाही, थांब, आता मी बोलणार. स्टँडवर तुझं बोलून झालंय, तेही चार लोकांच्या देखत. ‘ताई, तू प्रत्येक गोष्ट मधेच सोडून पळतेस,’ हे तू मला तीनदा म्हणालीस. नाटकाचा ग्रुप सोडला, पीएचडी सोडली, आईच्या आजारपणात तुला एकटीला सोडलं. पहिल्या दोनांवर आपण भांडू शकतो. तिसरं खरंय. पण मी तोंड उघडेपर्यंत बस सुटली आणि माझं उत्तर तोंडातच राहिलं, म्हणून ही वही. रोज नाही जमलं तरी लिहीन. अठ्ठावीसला तू सुट्टीत इथे येशील तेव्हा ती तुझ्या हातात देईन आणि तू शेवटच्या पानापर्यंत गप्प बसून वाचशील. मधे बोलायचं नाही. मोठी कोण आहे?

(उंचीचं विचारत नाहीये, बुटके. माझ्यापेक्षा चार बोटं वर गेलीस म्हणून नाव बदलत नसतं.)

तर नव्या नोकरीवर पोचले. जागा मस्त आहे! विटांची दोन मजली इमारत. खाली प्रयोगशाळा आणि वाळवलेल्या झाडांचं दालन, कपाटंच कपाटं, प्रत्येक कागदावर एक झाड चपटं करून शिवलेलं. वर दोन खोल्या, कोपऱ्यातली माझी. एका बाजूला इमारतीला चिकटून मोठं काचघर. प्रयोगशाळेतून थेट त्यात जाता येतं. पुढे लोखंडी गेट, काचघरातूनही दिसतं, त्याला कुलूपच नाही. फोनला रेंज फक्त गेटपाशी, दिव्याच्या खांबाखाली. म्हणजे तुझ्याशी भांडायला मला रोज तीस पावलं चालावं लागणार.

इथल्या मुख्य म्हणजे बाई. नाव-आडनाव पाटीवर आहे, पण सगळे बाईच म्हणतात. सगळे म्हणजे मी आणि माळीकाका. बाईंच्या अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली असते आणि त्या श्रुतलेखन घालावं तसं बोलतात, स्वल्पविरामासकट. त्यांनी स्वतः चहा केला, मग फॉर्म भरून घेतला. शेवटचा रकाना होता जवळचं रक्ताचं नातं. तुझं नाव टाकलं. बाईंनी विचारलं, सख्खी का. मी म्हटलं, लहानपणी मी तिला कचराकुंडीतून उचलून आणलंय असं सांगायचे, पण आहे सख्खीच, आई-बाप तेच. बाई हसल्या, सख्खी असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

आठवतं ना? पाच वर्षांची होतीस. दप्तर भरून कोपऱ्यावरच्या कुंडीजवळ जाऊन बसली होतीस, खऱ्या आईची वाट बघत. आई दवाखान्यातला फोटो घेऊन धावत गेली आणि मी तिथे हसून हसून लोळले.

मग बाईंनी माझ्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली. इथला नियम आहे. आत पाऊल टाकेल त्याचा नमुना ठेवायचा. कुणाची थुंकी, कुणाचा शिंतोडा नळीत पडला तर तो कुणाचा ते कळलं पाहिजे. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाचीही काडी घेतली होती म्हणे, तो बिचारा अजून रिपोर्टची वाट बघतोय. खणात कामाला राहिलेल्यांच्या लांबट डब्या आहेत, सात. प्रत्येकीत दोन बाटल्यांची जागा. सहांमध्ये दोन-दोन बाटल्या, सातवीत एकच. माझी आठवी. त्यातही एक जागा रिकामी राहिली. मी विचारलं तर म्हणाल्या, डब्या तशाच मिळतात.

४ तारीख, मंगळवार

काम सांगते, म्हणजे लोकांना मी पानं कुटते असं सांगणार नाहीस.

वाटाणा, भुईमूग, बाभूळ, लाजाळू ही सगळी एका कुळातली, शेंगा धरणारी. दिसायला एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मग कोण कुणाचं किती जवळचं, हे शोधायचं कसं? पूर्वी फुलं बघून ठरवायचे. नंतर पानातल्या हिरव्या कणांमधले जीन वाचायला लागले. ते सोपे असतात, पण बहुतेक वेळा फक्त आईकडून येतात. म्हणजे आजोळ कळलं, बाकी अंधार. न्यूक्लियसमधले जीन दोघांकडून येतात, एक प्रत आईची, एक बापाची. कुठे दोन भलत्या झाडांचा संकर झाला असेल तर तो तिथेच पकडला जातो. बाई म्हणाल्या, आईचं नाव कुणीही सांगेल, स्वल्पविराम, सगळं खरं न्यूक्लियसमध्ये असतं, पूर्णविराम.

तर कपाटातल्या कागदावरून नखाएवढं पान तोडायचं, नळीत मण्यांबरोबर घालून भुकटी करायची, धुवायची, डीएनए काढायचा. एका खेपेला अकरा नळ्या, अकरा झाडं. आणि बारावी कोरी. कोरी म्हणजे सगळी रसायनं, सगळी हाताळणी तीच, फक्त आत पान नाही. तिच्यातून काही निघता कामा नये. निघालं तर कुठेतरी घाण झाली, अख्खी खेप फुकट. बाई म्हणाल्या, अकरा नळ्या झाडांबद्दल सांगतात आणि बारावी तुझ्याबद्दल.

शेवटी कॉम्प्युटर नात्यांचा नकाशा काढतो, त्यालाही झाडच म्हणतात. फांदीच्या टोकाला एकेक नाव. फांदी जितकी लांब तितकी ती बाकीच्यांपासून तुटलेली.

मला आवडलंय हे काम. खरंच. तोंड वाकडं करू नकोस.

७ तारीख, शुक्रवार

आज काचघर बघितलं. सिमेंटच्या आठ मोठ्या कुंड्या आणि त्यांवरून वर गेलेला एकच वेल, छतभर. माझ्या खिडकीवर जो येतो तोही हाच. पिवळी बारीक फुलं, चपट्या शेंगा, आणि संध्याकाळ झाली की पानं मिटतात, जोडीजोडीने, हात जोडावेत तशी. सहा कुंड्यांमधून दोन-दोन खोडं निघालीत, एकमेकींत वेणीसारखी गुंफलेली. सातवीत काही नाही, तिच्या काठावर माळीकाकांचं बसायचं पोतं. आठवीत नुसती ओली वाळू. ही कशासाठी विचारलं तर काकांना अचानक ऐकू येईनासं झालं.

काका भारी आहेत. साठीचे. सकाळी कातर घेऊन खिडक्यांवरचा वेल कापतात, त्याला शिव्या देतात, सोडल्यास माझ्या उशाशी येऊन झोपशील म्हणतात. मला म्हणाले, पोरी, एवढी शिकलीस आणि आलीस कुठे, पालापाचोळा कुटायला? मी म्हटलं, तुम्ही कापता, मी कुटते, आपलं दुकान चांगलं चालेल. हसले. पण सूर्य खाली गेला की हात खिशात घालतात आणि मग काही केल्या बाहेर काढत नाहीत. मी चहाचा कप पुढे केला तर म्हणाले, ठेव खाली, सकाळी पितो.

त्या वेलाला नाव नाही. बाईंना वीस-बावीस वर्षं झाली, नकाशात त्याची जागा सापडत नाही. शेंगांच्याच कुळातला आहे, पण फांदी एवढी लांब की दर वेळी वेगळ्याच जागी जाऊन बसतो. प्रत्येक खेपेत त्याचं एक पान असतं, ती अकरावी नळी.

आज तिचं झाकण उडालं. हिरवी भुकटी थेट नाकात, पाच-सहा शिंका. सांडलं-लवंडलं की वहीत लिहायचा नियम आहे. नाही लिहिलं. पहिल्याच आठवड्यात वेंधळी कोण ठरणार? काका काचेपलीकडून बघत होते. त्यांनी कातर खाली ठेवली आणि आत आले, म्हणाले, सुट्टी घे, घरी जा दोन दिवस बहिणीकडे, बाईंना मी सांगतो. मी म्हटलं, काका, मी येऊन चार दिवस झालेत.

घरी गेले असते तर तू म्हणाली असतीस, झालं? सोडलं?

१० तारीख, सोमवार

बाराव्या नळीतून काहीतरी निघालं.

अगदी थोडं, पण आहे. शेंगांच्या कुळातलं. वेलाच्या जवळ जातंय. म्हणजे अकरावीतलं उडून बारावीत पडलं असणार, माझ्याच हातून. काल मी ती खेप पुन्हा केली होती, मोजे बदलून, टेबल पुसून, श्वास रोखून. तिच्यातही तेच.

बाईंना संध्याकाळी नकाशा द्यायचा होता. खरं सांगितलं तर चोवीस नळ्यांचं काम पाण्यात.

मी काय केलं सांगते. फाइलमधून बाराव्या नळीची ओळ काढून टाकली. एकच ओळ. बटण दाबलं, नकाशा आला, स्वच्छ, सुंदर. बाईंना म्हटलं, कोरी कोरीच आहे.

तुला हे सांगतेय कारण तुझ्याशिवाय कुणाला सांगणार.

१३ तारीख, गुरुवार

बाई माझ्या नकाशाशेजारी उभ्या होत्या. विचारलं, बारावी कुठेय? मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, असू दे, सगळेच ती ओळ काढतात. रागावल्या नाहीत. पाठीवर हात ठेवला, बोट फिरवलं, जसं आपण पान पोत बघायला चाचपतो.

मग शिकवलं. दोन लांब फांद्या असल्या की कॉम्प्युटर फसतो, त्यांना उगाच जवळजवळ बसवतो. लग्नात ओळख नसलेले दोन एकटे पाहुणे एका टेबलावर येतात तसं. त्यावर उपाय एकच. लांब फांदी तोडायची, म्हणजे मधले नातेवाईक आणून घालायचे. एक जवळचा मिळाला, त्याचा आणखी जवळचा मिळाला, की फांदीचे तुकडे होतात आणि झाड आपल्या जागी बसतं. मी म्हटलं, पण या वेलाला तर नातेवाईकच नाहीत. बाई पेन्सिल नीट करत म्हणाल्या, सापडले नाहीत तर तयार करावे लागतात.

मी हसले. वाटलं, त्या पहिल्यांदाच विनोद करतायत.

१५ तारीख, शनिवार

विचित्र आहे, हसू नकोस. काल संध्याकाळी भांडी घासताना बोटं मिटली. पेटके आल्यासारखी नाही, दुखत नव्हतं. हळूहळू, करंगळीपासून, एकेक करून आत गेली आणि उघडेनात. उजव्या हाताने डाव्याची सोडवावीत तर उजवाही मिटलेला. कपड्यांसकट तशीच आडवी झाले. सकाळी ऊन आलं आणि आपोआप उघडली.

वर्षानुवर्षं थेंब मोजायची पिपेट धरणाऱ्यांना हाताचा त्रास होतो. मला बारा दिवसांत झाला. मी हुशार आहे ना.

आज पुन्हा. आत्ता पाच वाजलेत, करंगळी गेलीच आहे, म्हणून अक्षर असं.

१८ तारीख, मंगळवार

आता दिवसाच लिहिते.

तळपायांना गाठी आल्यात. बोटांच्या बेचक्यांत, टाचेखाली, मिरीएवढ्या. एक नखाने फोडली. पू नाही, रक्त नाही. आत गुलाबी, ओलं, मांसासारखं. आणि वास मातीचा.

मी काय बघतेय ते मला माहितेय, बुटके. भुईमुगाचं रोप उपटून बघ. मुळांना अशाच गाठी असतात, फोडल्या तर अशाच गुलाबी. या कुळाची ती ओळखच आहे.

खूप तहान लागते. भूक नाही. दुपारभर मी खिडकीत होते आणि मला कळलंच नाही की मी उन्हाबरोबर वळत होते. जेव्हा कळलं तेव्हा खोलीकडे पाठ झाली होती आणि मान दुखत होती.

खिडकीवरचा वेल काकांनी आज कापला नाही.

२० तारीख, गुरुवार

गेटपर्यंत गेले. तीस पावलं. पंधराव्याला चक्कर, विसाव्याला तळपाय असे ओढले की खाली बसले, शेवटचं अंतर रांगत. गेट उघडंच होतं. कुणीही अडवलं नाही. बाई पायऱ्यांवरून बघत होत्या, हात चोळत, काळजीने. नंतर म्हणाल्या, तुला कुणी धरून ठेवलंय का? जा की.

गेटच्या बाहेर पाऊल ठेवलं आणि मला वाटलं कुणी मला केसांनी धरून उपटतंय. खालून.

तुला फोन लावला. आठवत असेल. येऊ नकोस म्हटलं. तू म्हणालीस, म्हणजे नक्की येणार. मी सगळं सांगायला लागले, हात, पाय, गाठी, तर तू म्हणालीस, ताई, तुझ्या कथा ठेव तुझ्यापाशी, नोकरी सोडायला कारण शोधतेयस ना, आणि ते पण माझ्यावर ढकलणार, मी आले म्हणून सोडली असं. आणि ठेवलास.

चूक तुझी नाही. मी दोन वेळा खोटं आजारपण काढलंय. एकदा तर आईच्या वेळी.

नंतर फोन बंद पडला. चार्जर खोलीत. खोलीत जिने चढून —

२२ तारीख, शनिवार

स्वतःची तपासणी केली. तीन तारखेची माझी काडी खणातून काढली, परवाची नवी काडी, आणि दहाच्या बाराव्या नळीचं जे काढून टाकलं होतं ते. तिन्ही शेजारी शेजारी.

तीन तारखेची: दोन्ही प्रती माणसाच्या. एक आईची, एक बाबांची. मी बराच वेळ बघत बसले. आई अजून कुठेतरी नीट लिहिलेली आहे.

परवाची: एक प्रत माणसाची. दुसरी वेलाची. प्रत्येक जीनमध्ये. संकर.

बारावी नळी: तेच, पण पुसट.

म्हणजे अकरावीतलं उडून बारावीत पडलंच नव्हतं. नळी कोरीच होती. मी वाकून उभी होते ना तिच्यावर. माझा श्वास पडला तिच्यात. माझ्यात ते दहा तारखेलाच होतं आणि ती नळी मला सांगत होती आणि मी ती ओळ

एकच ओळ होती

२४ तारीख, सोमवार

काका बोलले. सकाळी, बाई दालनात असताना. कातर चालवत, माझ्याकडे न बघता.

पहिल्या आठवड्यात निघून गेलं तर उतरतं. नळ दुरुस्त करणारा गेला, काही झालं नाही त्याला. त्यानंतर नाही.

ते इथे मदतनीस म्हणून आले होते. पानं कुटायला. सातवी डबी आणि सातवी कुंडी त्यांचीच, पण आले ते सगळ्यांत आधी. कुंडी मात्र रिकामीच राखून ठेवलीय, कारण त्यांच्या फॉर्मवर त्यांनी भावाचं नाव लिहिलं होतं आणि भाऊ कधी आलाच नाही. जमिनीवरून भांडण झालं होतं. काकांनी पत्रं पाठवली, पाया पडून बोलावलं. आला नाही. सख्खं कुणी मिळालं नाही तर फांदी तुटत नाही, माणूस मधेच अडकतो, संध्याकाळी हात मिटत, सकाळी उघडत, गेटच्या आत, वर्षानुवर्षं. बाकी सहा जणांचं कुणी ना कुणी आलं. बहीण, भाऊ, एकाची आई. दोन-दोन खोडं. एकाच आई-बापाचं रक्त असलं की वेल पटकन धरतो.

मी विचारलं, कुंड्यांमधल्या त्या सगळ्यांना काही कळतं का. काका म्हणाले, वारं नसताना हलतात.

मग म्हणाले, तेव्हा भावाचा फार राग यायचा. आता वाटतं त्याच्या रागाचे पाय धरावेत.

डबी. दुसरी जागा. सख्खी, खाली रेघ.

२६ तारीख, बुधवार

बाईंनी तुला पत्र पाठवलंय. मला वाचून दाखवलं. ताई थोडी आजारी आहे, तुझी आठवण काढते, रागावू नकोस, ये. स्वल्पविरामासकट.

मी ओरडले. आवाज कमी आला.

खोलीत जात नाही आता. जिने नकोत. वाळू गार असते. कुणी ढकललं नाही मला, खरं सांगते, कुणीही नाही. दुपारी तहान लागली आणि मी आठव्या कुंडीत पाय ठेवून उभी राहिले आणि इतकं बरं वाटलं की रडायला आलं. दर वेळी काढते पाय. दर वेळी थोडं जास्त तुटतं —

एक सांगू? सकाळी पाचेक मिनिटं मला वाटलं, येऊ दे तिला. एकटी कशाला राहू. तू शेजारी, वेणी घातल्यासारखी. भांडण नाही, काही नाही.

ते मी बोलत नव्हते. पण माझ्याच आवाजात होतं.

२७ तारीख, गुरुवार

ठरलं. काका उद्या सकाळपासून गेटवर. तू आलीस की सांगतील, ताई गेली. आठ दिवस झाले. न सांगता, काम मधेच टाकून, पत्ता न ठेवता.

बाईंचं पत्र एवढ्यात पोचणार नाही, तुला लगेच पटेल. हेच तर तुझं म्हणणं आहे. शिव्या घालशील, परत जाशील. या जन्मात बोलणार नाहीस माझ्याशी. चालेल.

वही तुला द्यायची नाही. वाचलीस तर आत येशील. मला माहितेय ना तू.

काकांना विचारलं, बाई काय करतील तुम्हाला. म्हणाले, माझं आणखी काय करणार, कापणार?

आम्ही दोघं हसलो. त्यांचे हात खिशात होते, माझे मिटलेले, आणि पेन दातांत धरून हे शेवटचं

२८ तारीख, शुक्रवार

ऊन चांगलंय. बोटं उघडी. वाळूतच आहे, निघता येतंय का बघितलं नाही.

आलीस.

निळी पिशवी. केस कापलेस? कुणाला विचारून.

काका बोलतायत. काचेतून ऐकू येत नाही, पण तुझे ओठ मला पाठ आहेत. मधेच. सोडून. हो, म्हण. आणखी म्हण. हात कमरेवर, अगदी आईसारखी. काकांवर कशाला ओरडतेस, त्यांनी काय केलंय.

डोळे पुसलेस.

वळ. वळ, बुटके. पिशवी उचल. हां —

बाई.

पायऱ्या उतरल्या. हातात लांबट डबी. तुझ्या पाठीवर हात. बोट फिरवतायत. काय सांगतायत? ताई आत आहे, बरं नाही, भेटून जा, फक्त आधी एक छोटीशी काडी, नियम आहे —

तू ऐकतेयस. तू सगळ्यांचं ऐकतेस. नाही फक्त मला म्हणतेस.

काका मधे आले. बाईंनी बाजूला केलं, पडदा सारावा तसं.

नको. तोंड उघडू नकोस.

ओरडून जाणार नाही आवाज. आणि तुला दिसले तर तू धावत आत येशील.

सख्खी. सख्खी नसलीस तर? बाईंना परकी काय कामाची. परक्या रक्ताने फांदी तुटतच नाही, काका म्हणाले ना —

कचराकुंडी.

तेच सांगणार. बाईंच्या समोर, तुझ्या तोंडावर. तू आमची नाहीस. खरंच उचलून आणली होती. फोटो दुसऱ्याच बाळाचा होता. आईनेच मला फोनवर सांगितलं शेवटी, तू तिचं सगळं करत होतीस म्हणून तुला सांगवलं नाही तिला. या वेळी मी हसणार नाही. आणि फोटो घेऊन धावत यायला आई नाही.

तू मोडशील. आणि जाशील. आणि बाई डबी बंद करतील.

कातर आहे काकांची. तळपायाखाली घातली —

एक निघाला. गुलाबी आहे आत. बघत नाही.

तीस पावलं. वीस तरी. पुढचं रांगेन. बोलायचं आणि तू काही म्हणायच्या आत मागे फिरायचं, नाहीतर तू काहीतरी बोलशील आणि मला खरं —

निघताना वही वाळूत पुरेन. खोल.

काडी काढली त्यांनी. थांब. थांब, आता मी बोलणार, दुसरा निघतोय, आले, तोंड मिटून ठेव फक्त, मी आ